कुष्ठरोग : बोटे कोण खाते?

बी. ए. द्वितीय वर्ष

कुष्ठरोगाला आपल्या भागात अजूनही ‘महारोग’ किंवा ‘रगतपिती’ म्हणतात आणि हा रोग बोटे खातो, असे सर्रास बोलले जाते. ज्याने वाकडी झालेली, झिजून आखूड झालेली बोटे पाहिली आहेत, त्याला ते खरेही वाटते. परंतु गेल्या काही दशकांतील संशोधन वाचले म्हणजे उत्तर निराळेच निघते. जंतू बोटे खात नाही. नुकसानीची सुरुवात बहुतांशी आपल्याच रक्तातील, आपल्याच रक्षणासाठी असलेल्या पेशींकडून होते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा शास्त्राच्या जाणकारांनी मांडणीतील साधेपणा चालवून घ्यावा.

१८७३ साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. तोवर हा रोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप तरी, नाही तर घराण्याच्या रक्तातून उतरलेला वारसा तरी, अशी समजूत होती. हा जंतू मोठा आळशी आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. पटकीच्या जंतूसारखे विष तो सोडत नाही. त्याला थंडावा मानवतो, म्हणून नाक, कानाची पाळी, कातडी आणि कातडीलगतच्या नसा येथे तो राहतो. प्रयोगशाळेतील बशीत तो वाढत नाही. २००१ साली त्याच्या जनुकांची संपूर्ण मांडणी वाचली गेली, तेव्हा त्यातील हजाराहून अधिक जनुके निकामी झालेली आढळली. असा हा मोडका जंतू शंभरांतल्या सुमारे पंच्याण्णव माणसांचे काहीच बिघडवू शकत नाही. बाबा आमट्यांनी संशोधनासाठी हे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले आणि त्यांना रोग झाला नाही, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या धैर्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्यांच्या रक्तातील पेशींबद्दल कोणी बोलत नाही.

या पेशींपैकी दोन प्रकार येथे महत्त्वाचे. एक भक्षक पेशी, जिला शास्त्रात मॅक्रोफेज म्हणतात. ती जंतूला गिळते. दुसरी टी पेशी. ती भक्षक पेशीला इशारा देते, चेतवते. हा इशारा मिळाला नाही तर भक्षक पेशी जंतूला गिळते खरी, पण पचवू शकत नाही. जंतू तिच्याच पोटात संसार थाटतो. रिडले व जॉप्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली कुष्ठरोगाची पाच पायऱ्यांची विभागणी केली, ती याच आधारावर समजते. एका टोकाच्या रुग्णात टी पेशी जोरकस असतात; चट्टे एक-दोन, जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला टी पेशी या जंतूपुरत्या मुक्या होतात आणि कातडीत जंतूंचे अक्षरशः पीक येते. दिल्लीच्या डॉ. इंदिरा नाथ यांनी या मुकेपणाचा दीर्घ अभ्यास केला. जंतू एकच, पण राखण कशी त्यावर रोगाचे रूप ठरते, हे मला फार विलक्षण वाटले.

आता नसांकडे वळू. कोपर ओट्याच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे. ती नस हाडामागच्या अरुंद खोबणीतून जाते. या नसेत जंतू शिरला की टी पेशी आणि भक्षक पेशी तेथे धावून येतात आणि दाह सुरू होतो : सूज, उष्णता, ठणका. खोबणीला फुगायला जागा नाही, म्हणून नस चेपली जाते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते, स्पर्श जातो. मग तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजले तरी कळत नाही, कोयत्याच्या मुठीने आलेला फोड फुटला तरी दुखत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट झिजत जाते.

आमच्याकडे हुरड्याच्या दिवसांत रानडुकरे ज्वारीत शिरतात. डुकराने खाल्लेल्या चार ओळी असतात आणि त्याला हाकलायला काठ्या घेऊन धावलेल्यांनी तुडवलेले अर्धे वावर असते. नसेच्या दाहाचे नेमके तसेच आहे.

केवळ चेपल्यानेच नस मरते असेही नाही. बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. झेब्राफिश नावाच्या लहान माशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते, त्यामुळे जिवंतपणी त्याच्या नसा सूक्ष्मदर्शकातून दिसतात. जंतूच्या आवरणात एक स्निग्ध द्रव्य असते. ते भेटताच भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवतात, आणि जंतूवर धरलेल्या या शस्त्राने नसेचे वेष्टण सोलले जाते, असे त्यांना दिसले.

या अभ्यासात मुंबईचाही वाटा मोठा आहे. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या खुणा ऊतींमध्ये तपासल्या. तेथेच डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधकांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वाढवला आणि पुढे त्यापासून लस तयार झाली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. तीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. तरीही ती गावोगाव पोहोचली नाही, याची खंत वाटते.

हे सर्व आपल्याला कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे गल्लीतील माणसे औषधाच्या पाकिटावरचे वाचायला माझ्याकडे देतात. त्यात एका बाईचे पाकीट होते, अर्धे रिकामे. गोळ्या सुरू झाल्यावर तिचे फिकट चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले, हात ठणकू लागला. घरच्यांनी निकाल दिला, “गोळी उष्ण पडली.” गोळ्या बंद झाल्या.

हा निकाल देणारे घर एकटे नाही. या प्रकाराला शास्त्रात ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात आणि ती गोळ्यांच्या आधी, चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. पाच पायऱ्यांपैकी मधल्या पायऱ्यांवरील रुग्णांत टी पेशींचे बळ डळमळते असते. त्या अचानक जोर धरतात आणि जिवंत-मेलेल्या सगळ्याच जंतूंवर तुटून पडतात. म्हणजे औषध बिघडलेले नसते. १९८१-८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधे, म्हणजे रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन, जंतूंना मारतच असतात. रिफाम्पिसिनच्या एका मात्रेने बहुतेक सर्व जंतू मरतात. क्लोफाझिमिनने कातडी काळसर पडते, तीही पुढे निवळते. पण रोग सांगण्याआधीच काळवंडलेला चेहरा गावाला सांगून टाकतो, हे दुःख गोळ्या सोडायला पुरते. २०१९ पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. त्या वर्षी ते वगळले गेले; सासरच्या मनातून वगळायला वेळ लागेल.

अतिउत्साही पेशींना आवरणाऱ्या पेशीही शरीरात असतात. ऊसतोडीच्या टोळीवर जसा मुकादम, तशा या टी पेशी. त्यांच्या शोधाबद्दल साकागुची, ब्रंकॉव व रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले. रिअ‍ॅक्शनच्या रुग्णाला मात्र आज मिळतो तो बाहेरून आणलेला मुकादम, प्रेडनिसोलोन. ते दाह उतरवते. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची आणि हळूहळू कमी करायची. ते मनाने सुरू किंवा बंद करणे धोक्याचे. जंतूंच्या गोळ्या त्यासोबत चालूच ठेवायच्या. हातापायातील शक्ती किंवा स्पर्श जाऊन सहा महिने व्हायच्या आत हे उपचार सुरू झाले तर नस पुष्कळदा सावरते. त्यानंतर आशा कमी.

अंबड, घनसावंगी, मंठा या बाजूची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात ती पाच-सहा महिन्यांनी परततात. गोळ्यांचा कोर्सही सहा किंवा बारा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. टोळीबरोबर निघणाऱ्या रुग्णाने पुढच्या महिन्यांची पाकिटे आगाऊ मागून घ्यावीत, कार्ड जवळ ठेवावे, आणि चट्टा लाल झाला किंवा कोपर ठणकू लागले तर थळातून जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच आठवड्यात जावे. वाचता येणाऱ्या कोणीतरी हे त्याला निघण्यापूर्वी सांगायला हवे.