संभावनेची भाषा : अमेरिकन बास्केटबॉलमधील ‘ड्राफ्ट’-चर्चेचा एक अभ्यास

१

साहित्यसमीक्षेत ‘उदयोन्मुख’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. एखाद्या कवीचा पहिला संग्रह हाती येतो आणि त्याच्या पुढील वाटचालीविषयी आपण विधान करून मोकळे होतो. वस्तुतः जे अद्याप लिहिलेच गेलेले नाही, त्याचे ते मूल्यमापन असते. अशा भविष्यलक्ष्यी मूल्यमापनाची भाषा कोणती, त्यामागील तर्क कोणता आणि त्याची कसोटी काय, हे प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांचा विचार वाङ्मयाबाहेरील एका क्षेत्राच्या आधारे करावयाचा आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघांचे चाहते नवोदित खेळाडूंच्या निवडीविषयी दरवर्षी जी हिरीरीची चर्चा करतात, ते हे क्षेत्र होय.

ह्या निवडीला तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९४७ पासून चालत आलेल्या ह्या पद्धतीत संघ ठराविक क्रमाने एकेका नवोदित खेळाडूचे नाव घेतात, आणि ज्या संघाने नाव घेतले त्याच संघाशी त्या खेळाडूने करार करावयाचा असतो. हा लिलाव नव्हे. येथे बोली नसते, केवळ क्रम असतो. हा क्रम सामान्यतः उलटा असतो, म्हणजे दुर्बळ संघाला आधी संधी मिळते. १९८४ पर्यंत दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक करून पहिला क्रमांक ठरत असे. १९८५ पासून सोडत आली. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी देण्यात आली. पराभव हाच आशेचा आधार व्हावा, अशी ही विलक्षण रचना आहे. हंगाम हातचा गेला की चाहत्याचे लक्ष चालू सामन्यावरून उडते आणि कुठल्यातरी महाविद्यालयात खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलावर स्थिरावते.

२

ह्या चर्चेचे प्रमुख साधन उपमा हे आहे. नवा खेळाडू कसा आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘तो अमक्यासारखा आहे’ असे दिले जाते. आपल्या अलंकारशास्त्राने उपमेची चार अंगे सांगितली आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. ह्यांपैकी एखादे अंग गळले की ती लुप्तोपमा होते. ड्राफ्टच्या चर्चेतील उपमा बहुतांशी लुप्तोपमाच असते, आणि तिच्यातून जे अंग गळते ते नेमके साधारण धर्म हे होय. साम्य उंचीचे आहे, की हाताच्या लांबीचे, की नेमबाजीचे, की स्वभावाचे, हे अनुक्तच राहते. उपमानाच्या कीर्तीचे सारे वजन मात्र उपमेयावर येऊन पडते.

हॅरॉल्ड मायनर ह्या खेळाडूचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. महाविद्यालयात असतानाच त्याला ‘बेबी जॉर्डन’ हे नाव मिळाले होते. १९९२ मध्ये मायामी संघाने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडले. १९९३ आणि १९९५ ह्या दोन वर्षी त्याने चेंडू वरून जाळ्यात ठोकण्याची स्पर्धा जिंकली, आणि १९९६ मध्ये त्याची व्यावसायिक कारकीर्द आटोपलीही. मायकेल जॉर्डनशी त्याचे साम्य होते, ह्यात संशय नाही. परंतु ते मुख्यतः झेपेचे साम्य होते. उपमेने सांगितले ते खोटे नव्हते. तिने जे सांगितले नाही, ते मात्र निर्णायक ठरले. शिवाय ‘जॉर्डनसारखा’ ह्यातील ‘सारखा’ हा शब्दही यथाकाल गळतो व ‘दुसरा जॉर्डन’ उभा राहतो. उपमेचे असे रूपक झाले की भेद संपतो, आणि पडताळून पाहण्यासारखे काही उरत नाही.

ही प्रवृत्ती केवळ क्रीडारसिकांची आहे, असे समजण्याचे कारण नाही. १७८९ मध्ये ‘शाकुंतला’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करताना विल्यम जोन्स ह्यांनी कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटले. तीही लुप्तोपमाच होय. तिने कालिदासाला युरोपात प्रवेश मिळवून दिला, तथापि कोणता गुण दोघांत समान, हे अनुक्त ठेवल्यामुळे पुढे दीर्घकाळ एका कवीचे माप दुसऱ्याच्या मापपट्टीने घेतले गेले.

३

चर्चेचे दुसरे अंग अनुमान हे आहे. त्याच्या परीक्षणासाठी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराच्या संघाचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. ह्या शहराचे आपल्या संघावरील प्रेम असे की, १९७७ ते १९९५ ह्या काळात सलग ८१४ सामन्यांची सर्व तिकिटे विकली गेली. १९७४ मध्ये ह्या संघाने बिल वॉल्टन ह्या उंच ‘सेंटर’ खेळाडूला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि १९७७ मध्ये त्याच्या बळावर संघाचे आजवरचे एकमेव विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी वॉल्टनचे पाऊल जायबंदी झाले. १९७९ मध्ये तो संघ सोडून गेला.

ह्या अनुभवातून एक व्याप्ती तयार झाली : जेथे समर्थ सेंटर, तेथे विजेतेपद. १९८४ मध्ये नाणेफेकीत ह्यूस्टनने पहिला क्रमांक मिळवून हकीम ओलाजुवॉनला घेतले. दुसरा क्रमांक पोर्टलंडचा होता. त्याने सात फूट एक इंच उंचीच्या सॅम बोवी ह्या सेंटरची निवड केली. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतले. पोर्टलंडपाशी क्लाइड ड्रेक्सलर हा जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा गुणी खेळाडू एक वर्षापूर्वीच आला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ‘संघाची गरज पाहावी की निखळ गुणवत्ता?’ हा ड्राफ्टच्या चर्चेतील चिरंतन वाद होय. पोर्टलंडने गरजेचा पक्ष घेतला. त्याचा हेतू अगदीच आभासी नव्हता. तथापि बोवी पायाच्या दुखापतीमुळे महाविद्यालयात दोन पूर्ण हंगाम खेळला नव्हता, हा बाधक पुरावाही समोर होता. पोर्टलंडकडून तो पाच वर्षांत केवळ १३९ सामने खेळला. जॉर्डनने १९९१ ते १९९८ ह्या काळात शिकागोला सहा विजेतेपदे मिळवून दिली, आणि सेंटरविषयीची व्याप्ती व्यभिचारी ठरली.

२००७ मध्ये पोर्टलंडसमोर पुन्हा तोच प्रश्न आला. सोडतीत ५.३ टक्के इतकीच संधी असताना त्याला पहिला क्रमांक लाभला. एकीकडे ओहायो स्टेट विद्यापीठाचा सात फुटी सेंटर ग्रेग ओडेन, तर दुसरीकडे टेक्सास विद्यापीठाचा केव्हिन ड्युरांट. ड्युरांटने एका हंगामात सामन्यामागे २५.८ गुण मिळवले होते. परंतु शारीरिक चाचणीत १८५ पौंडांचे वजन उताणे पडून एकदाही उचलणे त्याला जमले नाही, ही गोष्ट त्याच्याविरुद्ध वारंवार सांगितली गेली. ओडेनच्या पक्षाने म्हटले : गुण मिळवणारे पुष्कळ असतात, असा सेंटर एका पिढीत एकदाच येतो. ड्युरांटच्या पक्षाने १९८४ चे स्मरण दिले. बहुतेक जाणकारांचा कौल ओडेनकडे होता आणि पोर्टलंडनेही त्यालाच निवडले. गुडघ्यावरील शस्त्रक्रियेमुळे त्याचा पहिला हंगाम पूर्णतः वाया गेला. पोर्टलंडकडून तो एकूण ८२ सामने खेळू शकला. दुसऱ्या क्रमांकावर सिअ‍ॅटलने निवडलेला ड्युरांट २०१४ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ज्या वजनाने त्याची परीक्षा घेतली गेली, त्या वजनाचा त्याच्या खेळाशी फारसा संबंध नव्हता. जे मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याचा हा दोष समीक्षेलाही अपरिचित नाही.

४

आता पश्चात्‌दृष्टीचा विचार. निकाल लागल्यानंतर चर्चेची भाषा पालटते. संभावनेची जागा आख्यायिका घेते. ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक बॉबी नाइट ह्यांनी १९८४ मध्ये पोर्टलंडला जॉर्डन घेण्याचा आग्रह धरला, आणि आम्हाला सेंटर हवा आहे असे उत्तर मिळताच त्यालाच सेंटर म्हणून खेळवा, असे सुचवले, अशी कथा सांगितली जाते. ह्या कथेचे कार्य उघड आहे : निर्णय तेव्हाच चुकीचा दिसत होता, असे ती सुचवते. अनिश्चितता पुसून टाकणे, हेच अशा आख्यायिकेचे प्रयोजन असते.

ह्या कथनात न बसणाऱ्या गोष्टी हळूहळू विस्मरणात जातात. बोवी १९९५ पर्यंत, पाचशेहून अधिक सामने खेळला. १९८९ मध्ये त्याच्या बदल्यात पोर्टलंडला बक विल्यम्स मिळाला आणि त्याच्यासह संघाने १९९० व १९९२ मध्ये अंतिम फेरी गाठली. १९९२ मध्ये त्या फेरीत त्याला जॉर्डनच्याच शिकागोने हरवले, ही घटना मात्र सर्वांच्या स्मरणात आहे. कारण ती कथेला पूर्णत्व देते. वस्तुतः निर्णयाचे परीक्षण दोन प्रकारांनी करता येते : त्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या आधारे, किंवा नंतरच्या फलाच्या आधारे. बोवीची निवड पहिल्या कसोटीवर शंकास्पद आणि दुसऱ्या कसोटीवर विपरीत ठरते. ओडेनची निवड पहिल्या कसोटीवर समर्थनीय, परंतु दुसऱ्या कसोटीवर तशीच विपरीत. लोकस्मृतीने मात्र दोहोंना एकाच पंक्तीत बसवले आहे.

५

ह्या साऱ्या विवेचनात एक गोष्ट दृष्टिआड होऊ देता कामा नये. चाहत्यांच्या वादात पक्ष आणि प्रतिपक्ष बोलतात. ज्याच्याविषयी ते बोलतात, तो तरुण मात्र बोलत नाही. कोणत्या शहरात जावयाचे, हेदेखील तो ठरवत नाही. त्याचे शरीर मोजले जाते, त्याला उपमान नेमून दिले जाते, आणि हाड मोडले की ते त्याचे दुःख न मानता निवडणाऱ्यांची चूक म्हणून नोंदले जाते. बोवी आणि ओडेन ह्यांची नावे आज प्रामुख्याने दुसऱ्या कोणाच्यातरी नावाच्या अनुषंगाने घेतली जातात. मनुष्याची स्वतःची कहाणी दुसऱ्याच्या कहाणीतील व्यत्यय म्हणून उरावी, ह्याहून मोठा अन्याय उपमेच्या हातून होणे कठीण.

चर्चा थांबवावी, असा ह्याचा अर्थ नव्हे. आशेला भाषा लागते, आणि पराभूत संघाच्या नगराला आशेची गरज असते. मात्र अशा भाषेने दोन पथ्ये पाळली पाहिजेत. उपमा देताना साधारण धर्म स्पष्ट सांगावा. आणि अनुमान फसले तर दोष हेतूत होता की दैवात, ह्याचा विवेक करावा. वाङ्मयेतिहास लिहिताना ‘उदयोन्मुख’ म्हणून गौरवलेल्या आणि पुढे मौन पावलेल्या लेखकांची नावे आपण गाळतो, किंवा त्यांना अपेक्षाभंगाचे उदाहरण करतो. त्यांनी जे प्रत्यक्ष लिहिले, ते त्यांच्या नावावर स्वतंत्रपणे वाचणे, हे ह्या पथ्यांचेच वाङ्मयीन रूप होय.