भाषेचा वर्ग आणि दूरचित्रवाणीचा पडदा

भाषा शिकवता येते, की ती आपोआप येते? अध्यापनशास्त्राच्या ग्रंथांतून या प्रश्नाची विद्वत्तापूर्ण चर्चा झालेली आहे. माझ्यासारख्या खेड्यात इंग्रजीचा छोटासा वर्ग चालविणाऱ्या माणसाला मात्र हा प्रश्न रोज संध्याकाळी सहा वाजता, समोर बसलेल्या पंधरा-वीस मुलांच्या चेहऱ्यांवर वाचावा लागतो. या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी या नात्याने वार्षिकांकासाठी लिहावे, असा आग्रह झाला. तेव्हा ज्या दोन गोष्टींत माझे आयुष्य गेले, त्यांविषयीच लिहावे असे ठरविले. एक म्हणजे माझा वर्ग, आणि दुसरी म्हणजे लहानपणापासून जडलेला दूरचित्रवाणीचा नाद. पहिलीने माझा चरितार्थ चालला. दुसरीबद्दल घरी बोलणी खाल्ली. पुढे दुसरीच पहिलीच्या कामी आली, ती कशी हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

गाव आणि बोली

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरचा घाट चढून मालेगावच्या दिशेने निघाले, की मेडशी लागते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला; त्यापूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यातले. गावात बोलली जाते ती वऱ्हाडी. आसपासच्या तांड्यांवरून येणारी मुले घरी बंजारा बोली बोलतात, गावात वऱ्हाडी बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी वाचतात आणि पडद्यावर हिंदी ऐकतात. म्हणजे इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवण्याआधीच हे मूल चार भाषारूपांतून वावरत असते. आपण मात्र त्याला 'भाषेत कच्चा' म्हणून मोकळे होतो!

माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. त्यामुळे मुलांना शब्द पुष्कळ येऊ लागले. पण बोलण्याची वेळ आली की घसा कोरडा पडतो, तो आजही पडतो. २००३ साली मी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला, तेव्हा मला वाटे, की मुलांना व्याकरण येत नाही म्हणून ती बोलत नाहीत. हा समज किती अपुरा होता, हे कळायला मला काही वर्षे आणि एक मोठी चूक करावी लागली.

पडद्याने काय दिले

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण आमच्यासारख्या गावांपर्यंत पडदा पोचायला १९८०चे दशक उजाडावे लागले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. आमच्या आळीत एकाच घरी संच होता. एक जण छपरावर अँटेना धरून फिरवी आणि खालून आम्ही ओरडत असू, "आलं, आलं! आता हालू नको!" मालिकेतील कुटुंबाची कथा संपली, की अशोक कुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या प्रसंगाविषयी प्रेक्षकांशी वडीलधाऱ्या माणसासारखे बोलत. प्रेक्षकांनी लाखो पत्रे पाठविली, ती काही केवळ कथेमुळे नव्हेत. पाहिलेल्या गोष्टीवर कोणी तरी आपल्याशी बोलते, ही भावना त्यामागे होती असे मला वाटते. 'पाहणे' आणि 'पाहिल्यावर बोलणे' यांत असलेला फरक मला प्रथम तेथे जाणवला. अर्थात तेव्हा तो शब्दांत मांडता आला नसता.

त्यानंतर १९८६ मध्ये शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली 'मालगुडी डेज' आली. आर. के. नारायण यांच्या इंग्रजी कथा, त्यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि कर्नाटकातील आगुंबे येथील चित्रीकरण असा तो योग होता. तिचे काही भाग हिंदीप्रमाणे इंग्रजीतही तयार झाले आहेत. तीच कथा दोन भाषांतून ऐकता येणे, ही भाषेच्या शिक्षकाला मिळालेली मोठीच देणगी होय.

पडद्याने एक गोष्ट मात्र हिरावूनही घेतली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे 'चिमणराव-गुंड्याभाऊ' पाहून आम्ही पोट धरून हसलो. पण तशी मराठी आमच्या घरी कोणीच बोलत नसे. 'मले', 'तुले', 'काहून' म्हणणारे पात्र पडद्यावर फारसे दिसत नसे. दिसले तर ते गडी किंवा गावंढळ असे. आपली भाषा हसण्यासाठी आहे, हा धडा कोणी न शिकवता आम्ही शिकलो. पुढे २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घराघरांत पोचली, तेव्हा गावाला मनापासून आनंद झाला. तरीही तिचे स्थान विनोदातच राहिले, हे नाकारता येत नाही.

माझी चूक

आता त्या चुकीविषयी. वर्गात सातवीतील एक मुलगी होती, तांड्यावरून येणारी. एके दिवशी इंग्रजी वाक्याचा अर्थ सांगताना ती म्हणाली, "मी शायेत जातो." वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. 'डोळा'चा 'डोया' होतो, 'शाळा'ची 'शाया' होते. शिवाय तिने 'जाते'ऐवजी 'जातो' म्हटले होते. वाक्याचा अर्थ तिने अचूक सांगितला होता. मी मात्र सर्वांदेखत म्हणालो, "शाया नाही, शाळा! जातो नाही, जाते!" वर्ग खदखदून हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो.

त्या दिवसानंतर दोन महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. येत असे, लिहीत असे, वही व्यवस्थित असे; पण प्रश्न विचारला की मान खाली. शेवटी तिची आई मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "गुरुजी, पोरगी घरी खूप बोलते, तुमच्यापाशीच काहून बोलत नाही?" या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते त्या माउलीला सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

हसणाऱ्यांचा वर्ग

याच सुमारास, मनोरंजन म्हणून, मी मुलांना 'जबान संभाल के' या जुन्या मालिकेचा एक भाग दाखविला. १९९३ साली दूरदर्शनवर आलेली ही मालिका एका भाषावर्गाचीच कथा आहे. पंकज कपूर यांनी साकारलेला मोहन भारती हा शिकलेला इंजिनियर. पण त्याला एका संस्थेत हिंदी शिकवावे लागते. निरनिराळ्या प्रांतांतले आणि परदेशांतले विद्यार्थी त्याच्यापुढे बसतात आणि हिंदीची दाणादाण उडवितात. टॉम ऑल्टर यांचा इंग्रज लेखक त्यांत आहे. विजू खोटे यांचा विठ्ठल बापूराव पोटे हा मराठी माणूसही आहे. संस्थेच्या प्रमुख आहेत विजू खोटे यांच्या भगिनी शुभा खोटे.

ही मालिका 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवर आधारलेली आहे. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत लंडनमधील एका संध्याकाळच्या वर्गात परदेशांतून आलेली माणसे इंग्रजी शिकतात. भारतीय गृहिणी, शीख, पाकिस्तानी, चिनी, जपानी असे सर्व त्या वर्गात आहेत. मालिका लोकप्रिय झाली. परंतु निरनिराळ्या देशांच्या माणसांची ठरावीक साच्यांतली चित्रे काढून हशा मिळविला जातो, अशी टीकाही तिच्यावर झाली आणि १९७९ मध्ये ती बंद पडली. १९८६ मध्ये थोड्या काळासाठी पुन्हा निघाली. ही टीका खोटी नाही. तरीही मला या दोन्ही मालिका आवडतात. शिकणारी माणसे चुकत चुकत बोलत राहतात, हे त्यांत एक सत्य आहे. त्यांतला शिक्षक कपाळाला हात लावतो, पण वर्ग सोडून जात नाही.

भाग संपल्यावर अशोक कुमारांची आठवण होऊन मी मुलांना सहज विचारले, "आपण पोटेला का हसलो?" कोणी म्हणाले, "त्याले हिंदी येत नाही म्हणून." कोणी म्हणाले, "तो मराठीसारखी हिंदी बोलते." आणि मागच्या रांगेतून, दोन महिन्यांनी, तो आवाज आला, "सर, पोटेनं त्या मास्तरले मराठी शिकवाव न. मंग मास्तरच चुकन."

वर्ग क्षणभर शांत झाला. मी तिला म्हटले, "बरोबर आहे. उद्या तू मला तुझ्या घरची बोली शिकव." दुसऱ्या दिवशी ती फळ्यापाशी उभी राहिली आणि मी तिच्या जागी खाली बसलो. 'आई'ला 'याडी' म्हणतात एवढे मला ठाऊक होते. त्यापुढची दहा वाक्ये म्हणताना माझी जी त्रेधा उडाली, तिला वर्ग मनसोक्त हसला. तीही हसली. पण तिने मला एकदाही टोचून दुरुस्त केले नाही. तेच वाक्य स्वतः पुन्हा नीट म्हणे आणि मी मागून म्हणत असे. दुरुस्ती कशी करावी, हे मी त्या दिवशी सातवीतल्या मुलीकडून शिकलो. त्यानंतर ती इंग्रजी बोलू लागली.

अभ्यासक काय सांगतात

एका अनुभवावरून सिद्धांत बांधू नये, हे खरे. म्हणून थोडे अभ्यासकांकडे वळू. २००३ साली अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांशी चिनी भाषिक व्यक्ती बारा बैठकांत खेळली, बोलली. त्या बालकांना चिनी भाषेतील ध्वनींचा भेद ओळखता येऊ लागला. तीच माणसे आणि तेच बोलणे ज्या बालकांना केवळ पडद्यावर दाखविले, त्यांना तो ओळखता आला नाही. मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी असेल. तथापि पडदा एकटा पुरत नाही, समोर जिवंत माणूस लागतो, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास अशी कल्पना मांडली, की चित्रपटगीत ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्याखाली दाखवावेत. गाणे तोंडपाठ असतेच. डोळे अक्षरांवरून फिरतात आणि वाचनाचा सराव होतो. १९९९ मध्ये गुजराती गीतांवर आणि पुढे 'चित्रहार'वर हा उपक्रम राबविला गेला. वर्गात मी हे करून पाहिले आहे. ज्या मुलाला पुस्तकातील चार ओळी जड जातात, तो गाण्याच्या बारा ओळी वाचतो.

माझी पद्धत

अनेक वर्षांच्या चुकांमधून एक साधी पद्धत तयार झाली आहे. कलाशाखेचे जे विद्यार्थी पुढे शिक्षक होतील, त्यांच्यासाठी ती येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट, पूर्ण भाग दाखवू नये. दहा मिनिटे पुरतात. प्रथम आवाज बंद करून दाखवावे आणि काय चालले असेल हे मुलांना त्यांच्या बोलीत सांगू द्यावे. मग आवाजासह दाखवावे. ऐकलेले शब्द मुले फळ्यावर लिहितात. दहा शब्द जमले, की त्याच प्रसंगाचे नाटुकले मुलांनी आपल्या गावात घडवावे: एसटीच्या थांब्यावर, किराणा दुकानात, सोयाबीनच्या काढणीला.

दुसरी गोष्ट, बोलीला वर्गाबाहेर चपलांबरोबर काढून ठेवू नये. एक उदाहरण देतो. इंग्रजीत नेहमीची क्रिया आणि आत्ता चालू असलेली क्रिया यांची रूपे वेगळी आहेत. पुस्तकी मराठीत 'मी जातो' हे दोन्ही अर्थांनी चालून जाते, म्हणून तेथे मुले अडखळतात. पण वऱ्हाडी मूल रोज म्हणते, "मी जाऊन राह्यलो." तो नेमका चालू काळ! 'आय गो' म्हणजे 'मी जातो' आणि 'आय अॅम गोइंग' म्हणजे 'मी जाऊन राह्यलो' असे सांगितले, की जे तासभर समजावून कळत नव्हते ते मिनिटात कळते. ज्या बोलीला आपण अशुद्ध म्हणतो, तिनेच येथे इंग्रजीचे दार उघडले.

तिसरी गोष्ट, हसण्याचा नियम. आमच्या वर्गात चुकीला हसायला बंदी नाही. पण जो हसेल त्याने लगेच उठून त्याच विषयावर एक वाक्य बोलायचे. या नियमाने हसणे कमी झाले नाही, मात्र त्यातले विष गेले.

समारोप

पडद्याच्या मर्यादा मी जाणतो. आज प्रत्येक हातात फोन आहे आणि इंग्रजीचे धडे फुकट मिळतात. तरीही मुले वर्गात येतात, कारण फोन त्यांचे बोलणे ऐकून थांबत नाही, वाट पाहत नाही.

मराठीतील आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी याच वऱ्हाडात, रिद्धपूर येथे सिद्ध केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. त्याच वऱ्हाडातील मुलीला 'शाया' म्हटल्याबद्दल दोन महिने गप्प बसावे लागावे, आणि तेही माझ्यामुळे, ही खंत माझ्या मनातून जात नाही. भाषेच्या शिक्षकाने व्याकरण शिकवावे, उच्चार शिकवावेत, जमल्यास एखादी आवडती मालिकाही दाखवावी. पण त्याआधी मुलाला निर्भयपणे चुकता येईल एवढी जागा त्याने वर्गात राखून ठेवावी. बाकीचे पुष्कळसे मुले स्वतःच शिकतात, असा माझा अल्प अनुभव आहे.