भिंगरी आणि पाकोळी : ओळख व घरटी

दिल्लीतील सरोजिनी नगरसारख्या वसाहतीवर भिरभिरणारा कोणताही लहान, काळसर पक्षी बोलीत ‘पाकोळी’ ठरतो. पक्षिशास्त्र मात्र येथे दोन स्वतंत्र कुळे मानते. पाकोळीचे पंख विळ्यासारखे वाकलेले व अरुंद असतात आणि तिच्या पायांची ठेवण अशी की तिला तारेवर बसता येत नाही. ती उभ्या पृष्ठभागाला लटकते. भिंगरी तारेवर निवांत बसते. उत्क्रांतीच्या दृष्टीने पाकोळी भिंगरीपेक्षा अमेरिका खंडातील गुंजन पक्ष्याला अधिक जवळची आहे. उडते कीटक टिपण्याच्या समान गरजेतून दोघींना सारखे रूप लाभले. अभिसारी उत्क्रांतीचे हे उत्तम उदाहरण होय.

भिंगऱ्यांतही भेद आहेत. तारवाल्या भिंगरीचे डोके तांबूस, पोट शुभ्र आणि शेपटीस दोन बारीक तारा. लालबुडी भिंगरीची पाठ निळसर काळी, कंबर तांबूस व छातीवर बारीक रेघा असतात. तांबड्या गळ्याची माळभिंगरी मैदानात हिवाळी पाहुणी असते. ती हिमालयात वीण करते व काश्मीरमध्ये थेट घरांत घरटी बांधते.

घरटे पाहिले की शंका उरत नाही. भिंगरी चोचीने ओल्या चिखलाच्या शेकडो गोळ्या आणून थर चढवते. तारवालीचे घरटे पाण्याजवळील पुलाखाली अर्ध्या वाटीसारखे, तर लालबुडीचे छताला चिकटलेल्या, आडव्या नळीचे तोंड असलेल्या सुरईसारखे असते. ही तयार सुरई चिमण्या अनेकदा बळकावतात! पाकोळी चिखल वापरत नाही. उडता उडता टिपलेली पिसे व काड्या ती लाळेने चिकटवते.

अर्थात चिखल आणि खरबरीत छज्जा, दोन्ही जवळपास हवेत. सरोजिनी नगरसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. २०१८ मध्ये वृक्षतोडीविरुद्ध आंदोलन झाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. चर्चेचा भर साहजिकच वृक्षांवर होता. जुन्या छज्ज्याखालच्या घरट्याची नोंद मात्र कोणत्याही वृक्षगणनेत येत नाही, आणि काचेच्या गुळगुळीत भिंतीवर चिखल टिकत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही अंतर्भूत आहे, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. ब्रिटनमध्ये पाकोळ्यांसाठी नव्या भिंतींतच पोकळ विटा बसवल्या जातात. भिंगरीला तेवढेही नको. छताखाली एक खरबरीत पट्टी आणि वसाहतीत कोठेतरी ओली माती पुरते.