टोपिकची तयारी, मराठीच्या भरवशावर

रांजणगावला एलजीचा कारखाना उभा राहिला त्याला आता वीस वर्षं झाली. चाकणला ह्युंदाईची बांधकामाची यंत्रं तयार होतात. २०२३मध्ये ह्युंदाई मोटरनं तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला. पारनेर-श्रीगोंद्याकडची कितीतरी मुलं शिरूरमार्गे या पट्ट्यात कामाला जातात. त्यामुळे आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कोरियन शिकायची चौकशी आता केवळ मालिका आणि गाण्यांच्या ओढीनं होत नाही. सावेडीत माझ्याकडे संध्याकाळी येणाऱ्यांत मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेले आहेत, बी.कॉम.च्या मुली आहेत, कांद्याची पट्टी घेऊन थेट वर्गात येणारा एक शेतकरी मुलगाही आहे. मी स्वतः टोपिकची चौथी पातळी गाठून एका पुरवठादार कंपनीत दुभाषी झाले. ही सगळी मुलं मला 'ताई, सुरुवात कुठून करू?' असं विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. कोणती परीक्षा द्यायची ते आधी पक्कं करा.

टोपिक म्हणजे कोरियन भाषेची सरकारी प्रावीण्य परीक्षा. ती १९९७मध्ये सुरू झाली. आता ती कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था घेते. तिचे दोन भाग आहेत. टोपिक-१ मध्ये ऐकणं आणि वाचणं, २०० गुण; ८० मिळाले तर पहिली पातळी, १४० मिळाले तर दुसरी. टोपिक-२ मध्ये लेखनही येतं आणि ३०० गुण असतात. १२०ला तिसरी पातळी, १५०ला चौथी, १९०ला पाचवी, २३०ला सहावी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि पातळी एकूण गुणांवर ठरते.

ईपीएस-टोपिक नावाची दुसरी परीक्षा आहे, ती अगदी वेगळी. ती कोरियात कारखान्यात किंवा शेतावर कामाला जाणाऱ्यांसाठी, आणि फक्त ज्या देशांशी कोरियाचा तसा करार आहे त्यांच्यासाठी. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका त्यात आहेत. मी हे लिहिते आहे तोवर भारत नाही. 'परीक्षा पास करून देतो, थेट कोरियात नोकरी' असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर आधी एवढी एक गोष्ट त्याला विचारा. गावाकडच्या आईबापांनी जमीन गहाण ठेवण्याआधी हे त्यांच्या कानावर जायला हवं, असं मला फार वाटतं.

२. मधली इंग्रजी काढून टाका.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. बाजारातली पुस्तकं, मोबाइलवरचे धडे, सगळं इंग्रजीतून असतं. मुलं कोरियन वाक्य इंग्रजीत नेतात, तिथून मराठीत आणतात, आणि मग म्हणतात भाषा अवघड आहे. कोरियन इंग्रजीपासून लांब आहे. मराठीच्या मात्र ती आश्चर्य वाटावं इतकी जवळ बसते.

क्रियापद शेवटी, हे तर पहिल्याच धड्यात कळतं. नामाला मागून प्रत्यय लागतात, हेही आपल्याला नवं नाही. पुढचं बघा. 'करून बघणे' याला कोरियनमध्ये 'हे बोदा', आणि 'बोदा' म्हणजे बघणेच. 'करून देणे' म्हणजे 'हे जुदा', त्यात 'जुदा' म्हणजे देणे. 'करून टाकणे' याला 'हे बॉरिदा', यातला 'बॉरिदा' म्हणजे टाकून देणे. 'करून ठेवणे' म्हणजे 'हे नोथा', 'नोथा' म्हणजे ठेवणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या चार रचनांसाठी चार नियम पाठ करावे लागतात. आपल्याकडे सातवीतलं पोरगंसुद्धा 'डबा खाऊन टाक' आणि 'डबा खाऊन बघ' यातला फरक न शिकता जाणतं.

तीच गोष्ट विशेषणासारख्या वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांची. 'मी वाचलेलं पुस्तक' हे कोरियनमध्ये 'नेगा इल्गन छेक': मी, वाचलेलं, पुस्तक, याच क्रमानं. 'वाचायचं पुस्तक' म्हणजे 'इल्गल छेक'. आपलं '-लेलं', '-णारं', '-आयचं' डोक्यात असेल, तर टोपिक-२च्या वाचनातली चार ओळींची वाक्यं उलगडायला लागतात, कारण त्या वाक्यांची सारी लांबी याच रचनांनी वाढलेली असते. 'येतो म्हणाला' ही बोलण्यातली पद्धतसुद्धा तिकडे जशीच्या तशी आहे.

माझ्या वर्गात म्हणूनच एक नियम आहे: नवी रचना आली की आधी तिचं मराठी वाक्य सांगायचं, तेही घरात बोलतो तसलं. पुस्तकी मराठी नको.

नात्यांचंही असंच. आत्या 'कोमो', मावशी 'इमो', मामा 'वेसामछोन'. आत्या-मावशीला एकाच शब्दात गुंडाळणाऱ्या इंग्रजीची इथे काय गरज?

३. लिपी आठवड्याभरात शिका आणि रोमन अक्षरांना हात लावू नका.

राजा सेजोंगच्या काळात तयार झालेली ही लिपी १४४६मध्ये जाहीर झाली. चौदा व्यंजनं, दहा स्वर. व्यंजन आणि स्वर जोडून एक चौकोनी अक्षर होतं. बाराखडी गिरवलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. 'ऑ' आणि 'ओ' मधला फरक मात्र पहिल्या दिवसापासून कानात बसवा.

क-वर्गासारखे उच्चार तीन तऱ्हांचे असतात. हवा सोडून म्हटलेला जवळजवळ आपला 'ख', गळा आवळून म्हटलेला घट्ट 'क', आणि तिसरा साधा, जो शब्दाच्या सुरुवातीला क-खच्या मध्ये आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला की 'ग' होतो. यातला पहिला आपण जन्मापासून म्हणतो. तिसऱ्याला वेळ द्यावा लागतो.

४. शाळेतली व्यंजनसंधी पुन्हा उघडा.

लिहिलेलं एक आणि ऐकू येतं दुसरंच, ही तक्रार प्रत्येक विद्यार्थी करतो. लिहिताना 'गुक' आणि 'मुल', ऐकू येतं 'गुंगमुल', म्हणजे रस्सा. लिहिताना 'शिप' आणि 'मान', ऐकू येतं 'शिम्मान'. लिहिताना 'मित' आणि 'नन', ऐकू येतं 'मिन्नन'.

आता नववी-दहावीचं व्याकरण आठवा. वाक् + मय = वाङ्मय. जगत् + नाथ = जगन्नाथ. षट् + मास = षण्मास. पुढे अनुनासिक आलं की मागचं कठोर व्यंजन आपल्याच वर्गाचं अनुनासिक होतं. नियम तोच आहे, अक्षरशः तोच. इंग्रजी पुस्तकं या नियमाला एक लांबलचक नाव देतात, तक्ता देतात, आणि मुलं तो तक्ता विसरतात. मी फळ्यावर 'वाङ्मय' लिहिते. त्यानंतर मुलांचं ऐकण्यातलं अडखळणं कमी होताना मी स्वतः पाहिलं आहे. दोन गुणांसाठी पाठ केलेली संधी इतक्या दूरच्या भाषेत उपयोगी पडते, याचा मला अजूनही आनंद होतो.

५. शब्द सुटे पाठ करू नका, कुळानं करा.

कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत, आणि मराठीत संस्कृतचं जे स्थान तेच त्यांचं तिथे. 'हाक' म्हणजे विद्या, शिकणं. मग 'हाक्क्यो' शाळा, 'हाक्सेंग' विद्यार्थी, 'देहाक' विद्यापीठ, 'ग्वाहाक' विज्ञान, 'मुनहाक' साहित्य. विद्यार्थी, विद्यालय, विद्यापीठ हे ओळीनं आठवतात तसेच हेही आठवायला लागतात. तिसऱ्या पातळीच्या पुढे अशी शंभरेक मुळं हाताशी असली, तर कधीही न पाहिलेल्या शब्दाचाही अंदाज येतो.

कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश मोफत आहे, अकरा भाषांत अर्थ देतो. त्यात मराठी नाही, हिंदीही नाही. म्हणून अर्थाची वही आपली आपणच करायची, मराठीत.

६. आकड्यांची भीती बाजारभावानं घालवा.

आपण लाख-कोटीत मोजतो, कोरियन लोक दहा हजारांच्या गठ्ठ्यात. दहा हजार म्हणजे 'मान', लाख म्हणजे 'शिम्मान', कोटी 'छॉनमान', आणि दहा कोटींना 'ऑक' हा नवा शब्द. ऐकण्याच्या प्रश्नात रक्कम आली की मराठी डोकं क्षणभर थांबतं, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. आमच्या वर्गात घोडेगाव आणि नेप्तीचे कांद्याचे भाव रोज कोरियनमध्ये वाचले जातात. शिवाय आकड्यांचे संच दोन आहेत: तास देशी आकड्यात, मिनिटं चिनी आकड्यात. हे फक्त तोंडी सरावानंच बसतं.

७. मराठी कुठे पुरत नाही, तेही ओळखून असा.

वाक्यात ज्याच्याविषयी बोलायचं त्याला एक प्रत्यय आणि कर्त्याला दुसरा, हा भेद मराठीत नीटसा नाही. 'मी तर जाणार' मधला 'तर' थोडी वाट दाखवतो, पण थोडीच. यासाठी उतारे मोठ्यानं वाचण्याला पर्याय नाही. कोरियनमध्ये लिंगभेद मात्र अजिबात नाही, तेवढा आराम.

८. लेखनाला सगळ्यात आधी हात घाला.

बहुतेक जण ते शेवटच्या महिन्यावर ढकलतात. टोपिक-२मध्ये लेखनाला ५० मिनिटं आणि १०० गुण. प्रश्न चारच. पहिल्या दोनांत गाळलेली वाक्यं भरायची, १० गुणांची प्रत्येकी. तिसऱ्यात आलेख किंवा तक्ता पाहून २०० ते ३०० अक्षरं, ३० गुण. चौथा निबंध ६०० ते ७०० अक्षरांचा, ५० गुण. ही शेवटची दोन उत्तरं चौकटींच्या कागदावर: एका चौकटीत एक अक्षर, आकडे मात्र दोन-दोन, परिच्छेद एक चौकट सोडून. हा कागद घरी छापून त्यावरच सराव करा, म्हणजे सातशे अक्षरं किती होतात ते हाताला कळतं.

शेवटच्या दोन उत्तरांत वाक्याचा शेवट साध्या लेखी रूपात हवा. मालिका पाहून शिकलेली मुलं बोलण्यातलं आदरार्थी रूप तिथे आणतात आणि दोन्ही रूपं मिसळतात. तपासणाऱ्याच्या डोळ्यांना ते लगेच खटकतं.

निबंधाचे विषय समाजाशी जोडलेले असतात, आणि उदाहरण द्यावं लागतं. मुलं सोल शहराची पाठ केलेली उदाहरणं देतात. मी म्हणते, आपल्या जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला गावानं बंदी केली. पाऊस किती पडला ते मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. 'पर्यावरण आणि व्यक्तीची जबाबदारी' अशा तऱ्हेच्या विषयाला याहून भक्कम उदाहरण कुठलं? जे आपण पाहिलं आहे त्याच्याविषयी साध्या वाक्यांतही ठाम लिहिता येतं. पाऊस, विहीर, पीक, ग्रामसभा, निर्णय, एवढे शब्द कोरियनमध्ये तयार ठेवा.

९. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, नाहीतर सोडवू नका.

त्या टोपिकच्या अधिकृत संकेतस्थळावर ध्वनिफितींसह मोफत मिळतात. आताचा आराखडा २०१४मधल्या पस्तिसाव्या परीक्षेपासूनचा आहे, त्याआधीच्या पत्रिका वेगळ्या होत्या. टोपिक-२मध्ये ऐकण्याचे पहिले वीस प्रश्न एकदाच ऐकवतात, पुढचे जोडप्रश्न दोनदा. म्हणून आवाज सुरू होण्याआधी पर्याय वाचून ठेवायचे. ऐकणं-लेखन मिळून ११० मिनिटं सलग, मग विश्रांती, मग ७० मिनिटांत वाचनाचे ५० प्रश्न. वाचन सोप्याकडून अवघडाकडे जातं. पहिले तीस हातचे सोडून शेवटच्या दहांत अडकू नका.

मी परीक्षा दिल्लीत दिली. नगरहून कर्नाटक एक्स्प्रेस आहे, गोवा एक्स्प्रेस आहे. एक पूर्ण दिवस आधी पोहोचा, प्रवासाचा शीण घेऊन तीन तासांची परीक्षा देऊ नका. मुलींच्या घरच्यांना मी आवर्जून सांगते: सोबत जायचं असेल तर जा, पण परीक्षेसाठी मुलीला पाठवाच. नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

१०. प्रमाणपत्र हातात आल्यावर तोंड उघडा.

टोपिकच्या लेखी परीक्षेत बोलणं तपासत नाहीत. त्याची वेगळी परीक्षा २०२२पासून निघाली आहे. कारखान्यात मात्र सगळं काम बोलण्यावर. एलजीचे घरगुती यंत्रांचे मोठे कारखाने कोरियाच्या दक्षिणेला छांगवॉनमध्ये आहेत, आणि त्या ग्यॉन्गसांग प्रांताची बोली प्रमाण कोरियनपेक्षा बरीच वेगळी, चढउताराची. तिकडचा अभियंता लाइनवर घाईनं बोलतो तेव्हा पुस्तकातलं कोरियन अपुरं पडतं. त्या भागातल्या लोकांच्या मुलाखती, बातम्या रोज ऐका आणि मागोमाग म्हणा.

गुणपत्रकाची मुदत दोन वर्षं. नोकरीऐवजी कोरियात शिकायला जायचं असेल, तर कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीत एक वर्ष भाषा आणि मग पदवी असा क्रम असतो. भाषेच्या वर्षाअखेर तिसरी पातळी लागते, आणि पाचवी आधीच असेल तर ते वर्ष माफ होतं. पदवीचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, पदव्युत्तरचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. पदव्युत्तरला जायचं असेल तर ऑक्टोबरची परीक्षा धरा, म्हणजे अर्ज भरताना निकाल हाती असतो.