बंपर फुटला? क्लेम टाकण्याआधी हिशेब करा

‘क्लेम बसेल का’ एवढं विमा कंपनीला फोन करून विचारलं, तरी नो क्लेम बोनस जातो, असा धसका अनेकांना असतो. तो मनातून काढा. नुसत्या चौकशीने बोनस जात नाही. पाच कंपन्यांचे भाव विचारले म्हणून सिबिलही उतरत नाही, सिबिलचा संबंध कर्जाशी.

फक्त एक सांभाळा. फोनवर तुम्ही पॉलिसी नंबर, अपघाताची तारीख, ठिकाण सांगत गेलात की समोरचा क्लेम नंबर देऊन मोकळा होतो. म्हणून पहिलंच वाक्य हे बोला: ‘माहिती हवी आहे, क्लेम नोंदवू नका.’ नोंदवला गेलाच आणि पैसे नको असतील, तर रक्कम न घेता क्लेम बंद करा, असा ईमेल टाका. आलेलं उत्तर जपून ठेवा, पुढच्या वर्षी तेच कामाला येतं. कुणी जखमी झालं असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल, तर मात्र चौकशीत वेळ घालवू नका. पोलिसांत आणि कंपनीत लगेच कळवा.

आता पैशाचं. क्लेम न करता एक वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात २० टक्के सूट (हाच बोनस) मिळते, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्य. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नसते. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं आणि फक्त थर्ड पार्टीचा दावा लागला, तर बोनसला धक्का लागत नाही.

समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणजे तुम्ही ४,००० भरता. क्लेम घेतलात तर पुढची पाच वर्षं अनुक्रमे ८,०००, ६,४००, ६,०००, ५,२०० आणि ४,४०० भराल. जादा गेले १०,०००, वर १८ टक्के जीएसटी धरून ११,८००. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून आकडा थोडा कमी धरा. आता बंपरचं बिल बघा: ९,०००, त्यात प्लॅस्टिकचा बंपर ५,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लॅस्टिकवर निम्मी कपात, २,५०० गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे १,००० आणखी वजा. रंगावरची कपात वेगळीच. हातात ५,५०० सुद्धा येणार नाहीत. असं बिल खिशातून भरा.

गॅरेजवाला म्हणेल, ‘क्लेममध्ये बसवून देतो, जुने डेंटही निघतील.’ ऐकू नका. सही तुमची, नोंदही तुमच्याच नावावर. सर्व्हेअरची फी कंपनी देते, त्याने मागितली तरी देऊ नका.

मोठं नुकसान असेल तर बोनसचा विचारच नको, क्लेम घ्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात पाणी घुसलं तशी वेळ आली, तर बुडालेली गाडी चालू करून बघू नका. तिथेच फोटो काढा, टो करून न्या. पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं, तर इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर नसताना ते पैसे मिळत नाहीत.

सगळ्यात घातक शॉर्टकट एजंटचा: क्लेम घेतलेला असूनही नव्या कंपनीच्या पॉलिसीत ५० टक्के बोनस लिहून हप्ता स्वस्त दाखवणं. कंपन्या जुन्या कंपनीकडे पडताळणी करतात. खोटं निघालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सगळे हक्क गमवाल. पॉलिसी हातात आली की बोनसची ओळ स्वतः वाचा. चुकली असेल तर आजच कळवा, फरक भरा.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. लातूरची एमएच-२४ असो की नांदेडची एमएच-२६, जुनी गाडी घेतलीत तर विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळत नाही. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. विकणारे तुम्ही असाल तर कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, ते नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं. कागद: विक्रीचा पुरावा, जुनी पॉलिसी, आरसी. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर बोनस गेला.

आरोग्य विम्याचं गणित वेगळं. तुम्ही क्लेम घेतला म्हणून वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता फक्त तुमच्यासाठी वाढवता येत नाही, नूतनीकरणही नाकारता येत नाही. विमा रकमेत मिळालेला वाढीव बोनस मात्र घटू शकतो. कंपनी बदलताना नवी कंपनी जुने क्लेम बघते. ‘शुगर लिहू नका’ असं कुणी सांगितलं तरी लिहाच. सलग ६० महिने पूर्ण होण्याआधी लपवलेला आजार सापडला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, कुणी लावला तर जाब विचारा.

क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल. नांदेड आणि लातूर त्यांच्याच अखत्यारीत येतात. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार जायला हवी, तेवढी तारीख लिहून ठेवा.