निकालानंतरचा विचार

दहावीच्या निकालाचा दिवस चिखली, मेहकर, मलकापूर येथील घराघरांतून कसा जातो, हें वाचकांस सांगावयास नको. समजा, एकाच गांवचे दोन मुलगे गणितांत नापास झाले. एक म्हणतो, "बीजगणित मीं सोडून दिलें होतें, पुरवणी परीक्षेस बसेन." दुसरा म्हणतो, "माझें डोकेंच चालत नाहीं. आतां पुढें कांहींच व्हावयाचें नाहीं." आपत्ति एकच, परंतु दुसऱ्यानें तिचें कारण आपल्या ठायींच शोधलें, तें कायमचें मानलें आणि एका विषयाचें अपयश सबंध आयुष्यावर पसरविलें.

अशा विचारानें काय होतें हें पाहण्यासाठीं अमेरिकेंत लिन अब्रॅमसन व लॉरेन ॲलॉय ह्या विदुषींनीं कॉलेजांत नुकतेच आलेले, त्या वेळीं खिन्न नसलेले विद्यार्थी निवडून कांहीं वर्षें त्यांचा मागोवा घेतला. ज्यांची विचार करण्याची रीत ह्या दुसऱ्या मुलासारखी होती, त्यांस पुढें विषण्णतेचा विकार, ज्यास हल्लीं डिप्रेशन म्हणतात तो, पुष्कळ अधिक प्रमाणांत जडला. म्हणजे ही रीत दुखण्याच्या अगोदरची असते.

ती संगतीनेंही लागते, हें तर अधिकच विचार करण्याजोगें आहे. नोत्र दाम विद्यापीठाच्या वसतिगृहांतील १०३ जोड्यांचा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. कोणाचा सोबती कोण, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरलेलें होतें. निराश विचारांच्या सोबत्याजवळ राहणारेही हळूहळू तसाच विचार करूं लागले. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांची रीत अशी बिघडली, त्यांच्यांत सहा महिन्यांनीं खिन्नतेचीं लक्षणें इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसलीं.

आपल्याकडे वसतिगृहांत राहणारीं मुलें थोडीं नाहींत. परंतु पहिली संगत घरचीच. सोयाबीन हातचें गेलें म्हणजे बाप ओसरीवर बसून "आपलें नशीबच फुटकें" म्हणतो, आणि मूल तें ऐकतें. कर्जाचा बोजा ज्याच्या शिरावर, त्यानें बोलावें तरी काय! तथापि "यंदा पावसानें दगा दिला" असें म्हणूनही तेंच दुःख सांगतां येतें; आणि त्यांत पुढच्या पेरणीस जागा राहते.

सर्वच विषण्णता विचारांतून उपजते असें मात्र कोणीं समजूं नये. दारिद्र्य, घरांतील मृत्यु, आनुवंशिकता हींही कारणें आहेत. म्हणून मुलास "तूंच असा विचार करतोस" म्हणून दटावणें अगदीं चूक. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक वा खेळ सुटला, तर त्यास जिल्हा रुग्णालयांत दाखवावें. मरणाची भाषा मुलाच्या तोंडून निघाली, तर एक दिवसही वाट पाहूं नये व त्यास एकटें सोडूं नये. २०२२ सालीं सरकारनें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठींतही, विनामूल्य बोलतां येतें.