मुरमाड बांधासाठी मैनमूळ

नर्सरीत लाल साल्व्हियाची रोपे सगळीकडे मिळतात. तो मूळचा ब्राझीलचा, आणि आपल्या बागेत बहुधा एका हंगामापुरताच टिकतो. त्याच तुळशीच्या कुळातले मैनमूळ मात्र आपल्याच कोरड्या, उन्हाच्या डोंगरउतारांवरचे बहुवर्षायू झुडूप आहे. उंची दीड-दोन फूट, पाने लवदार आणि सुगंधी, पावसाळा सरताना निळसर जांभळे तुरे येतात आणि त्यांवर मधमाश्यांची वर्दळ असते. औषधी पिकांच्या बाजारात याला कोलिअस म्हणतात.

वरवे बुद्रुकसारख्या भात पिकवणाऱ्या गावातल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: हे झाड भातखाचरात लावू नये. पाणी साचले की मुळे कुजतात. घरामागचा मुरमाड उतार, विहिरीकडेचा उंचवटा, जिथे भात होत नाही अशी बांधालगतची पट्टी, या जागा योग्य. भर आषाढात लागवड करू नका. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात करा. शेंड्याकडील चार बोटे ते वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे छाटे आधी सावलीत वाफ्यावर लावावेत. साधारण महिन्याभरात मुळे धरतात. मग दोन फूट बाय दीड फुटावर, उंच वरंब्यावर रोपे लावावीत.

खरा शत्रू सूत्रकृमी. मुळांवर गाठी येतात, झाड खुरटते. म्हणून टोमॅटो, वांगी किंवा भेंडी नुकतीच काढलेल्या जागी हे लावू नका. जिवाणूजन्य मर रोगही टोमॅटो-वांग्याच्या मागोमाग येतो. खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड टाका, कडेने झेंडू लावा. हिवाळ्यात माती वाळल्यावरच पाणी द्या. फुले संपली की जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. उन्हाळ्यात झाड मरगळले तरी उपटू नका, पहिल्या वळवाने ते पुन्हा फुटते.

मुळांसाठी लागवड केली, तर साडेचार-पाच महिन्यांत काढणी होते. गुजरातेत या मुळांचे लोणचे घालतात. मुळांतील फोर्स्कोलिन या द्रव्यामुळे औषध कंपन्यांना ती हवी असतात. पण लेखी खरेदी करार हातात नसताना एकरभर लावण्याच्या फंदात पडू नका. हे द्रव्य रक्तदाब उतरवते, म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी घरगुती काढे करू नयेत.

रोपासाठी डोंगरावरची झुडपे मुळासकट उपटून आणू नका. ओळखीच्या बागेतून छाटे घ्या आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याला द्या.